बोर्डामागचे वैजनाथअण्णा

वैजनाथअण्णा वीजघरातल्या बोर्डाच्या खोलीत शिरताना डावा हात पाठीमागे नेत आणि कमरेच्या पट्ट्यात खोवून ठेवत. पाळी संपेपर्यंत तो हात बाहेर येत नसे. स्विच ओढायचा तो उजव्या हाताने, वहीत आकडे भरायचे ते उजव्या हाताने, कपाळावरचा घाम पुसायचा तोही उजव्यानेच. सवय इतकी मुरली होती की देवळातसुद्धा ते एका हाताने नमस्कार करून मोकळे होत आणि त्यांच्या पत्नी गंगाक्का शेजारी उभ्या राहून डोळे वटारत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते याच अवतारात. हैदराबादची पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दीड वर्ष उलटलं होतं. मी कमलनगरचा, उर्दूतून मॅट्रिक झालेला, घरी बसून थोडी इंग्रजी शिकलेला. तेवढ्यावर मला वीजघरात कारकुनाची जागा मिळाली. बिदर आणि गुलबर्गा या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं ते एक बाजाराचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत. दोन डिझेल इंजिनं, बोर्डाची एक खोली, कचेरी आणि भोवती दगडी कंपाउंड, एवढंच आमचं वीजघर. त्यावर गावचे दिवे, दवाखाना, पाण्याचा पंप आणि कापसाची जिनिंग चाले. पहिल्या दिवशी मी बोर्डाच्या चौकटीवर सहज दोन्ही हात टेकवून पाट्या वाचायला वाकलो, तर मागून शांत आवाज आला, "एक हात काढा तिथला."

मी दचकून दोन्ही काढले. अण्णा म्हणाले, "दोन हात दिले की वीज एकातून शिरतीय आणि छातीतून दुसरीकडं निघतीय. एकच द्यायचा. मग फार तर हात जाईल."

पन्नाशीला टेकलेला, काटक, काळासावळा माणूस. उजव्या डोळ्यावर भुवई नव्हती. तिथली कातडी गुळगुळीत, तकतकीत होती. अण्णा मूळचे मंठाळचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी हैदराबादेत जाऊन वीजकाम शिकले आणि तिथल्याच एका कारखान्यात बोर्डावर काम करताना त्यांनी ती भुवई गमावली. त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभा असलेला माणूस जागीच गेला. त्याविषयी ते एवढंच सांगत की आवाज ऐकू यायच्या आधीच सगळं झालं होतं. माझ्याशी ते मराठीत बोलत, इंजिनवाल्यांशी कानडीत आणि दस्तगीरशी दख्खनीत. लिहायला मात्र त्यांना फक्त उर्दू येई, आणि सरकारी कागद तर उर्दूतून इंग्रजीत चालला होता. त्यामुळे वर काही कळवायचं झालं की ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहत. ते सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे. आमची ओळख वाढली ती अशी.

दस्तगीर त्यांचा चेला. तिशीचा, हसरा, कामात हुशार. अठ्ठेचाळीसच्या त्या दिवसांत गावातली बरीच मुसलमान कुटुंबं जीव मुठीत धरून बसली होती, काही निघून गेली. वीजघरातल्या मुसलमान नोकरांना काढून टाका, असं कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. तेव्हा अण्णा दस्तगीरला आणि त्याच्या बायकोला, हमीदाबीला, आपल्या घरी घेऊन आले. पुढच्या खोलीत त्यांची बिछायत घातली आणि कचेरीत जाऊन सांगितलं, की बोर्डावर याच्याशिवाय मला दुसरा माणूस चालणार नाही, याला काढायचं तर माझंही नाव काढा. ती दोघं अडीच महिने त्यांच्या घरी राहिली. मी रुजू झालो तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. मला ते गंगाक्कांनी सांगितलं. अण्णांनी कधीच नाही.

अण्णांची ड्यूटी सुरू होई ती वासाने. दाराशी उभे राहून ते डोळे मिटत आणि दोनदा खोल श्वास घेत. मग आमच्यापैकी कुणी बोलत असेल तर बोटाने गप्प करत आणि ऐकत. आमच्या बोर्डाच्या पुढच्या बाजूला काळ्या पाटीचे मोठे दगडी फळे होते, त्यावर घड्याळांसारखे मीटर आणि स्विच. मागच्या बाजूला उघड्या तांब्याच्या पट्ट्या, ज्यांतून सगळ्या गावाची वीज जाई. पट्ट्या आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम चालेल एवढी बोळ होती. दार एकच, बोळीच्या या टोकाला. दुसरं टोक भिंतीने बंद.

एके दिवशी त्यांनी मला त्या बोळीत नेलं. डावा हात पट्ट्यात, उजव्या हातात बॅटरी. एका सांध्याजवळ दगडी फळ्यावर काळ्या बारीक रेषा उमटल्या होत्या, रोपट्याच्या मुळ्यांसारख्या फुटलेल्या. प्रत्येक मुळीच्या टोकाशी खडूची एक रेघ होती. ते दर शुक्रवारी तिथे येत आणि मुळी जिथवर पोचली असेल तिथे रेघ ओढत. खडूच्या रेघा एकापुढे एक गेल्या होत्या. कान देऊन ऐकलं तर तव्यावर मीठ टाकल्यासारखा बारीक तडतड आवाज येत होता.

"धूळ, इंजिनाच्या तेलाची वाफ आणि ढिला सांधा," ते म्हणाले. "वीज तिथून वाट काढायलीय. वाट पुरी झाली की उडी मारल."

साहेब लोक ज्याला आर्क म्हणत त्याला अण्णा 'उडी' म्हणत. वीज तार सोडून हवेतून एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारते, आणि तिथे एवढी आच होते की तांब्याचं पाणी होतं. मी भाबडेपणाने विचारलं, की मग फ्यूज कशासाठी आहेत, ते उडतील की. त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मी आजवर विसरलेलो नाही. दोन तारा एकमेकींना नीट चिकटल्या तर फ्यूज उडतो, कारण वीज एकदम धावते. पण उडी मारताना मध्ये हवा असते, हवा तिला अडवते. त्यामुळे ती थोडीच जास्त खेचली जाते.

"फ्यूजला वाटतंय, जिनिंगवाल्यानं आणखी एक यंत्र लावलंय," अण्णा म्हणाले. "तो झोपून राहतोय. हिकडं सगळं पेटलं तरी त्याला पत्ता न्हाई."

मग त्यांनी पायाखालचा चर दाखवला. बोर्डाखालून केबल जात, ताग आणि डांबर गुंडाळलेल्या. त्यांच्यावर कित्येक वर्षांची तेलकट धूळ बोटभर साचली होती. शेवटी, दाराच्या अंगाला, तेलाने भरलेला मोठा स्विच. अण्णांनी बॅटरीचा उजेड सांध्यावरून चरात, चरातून तेलाच्या स्विचवर आणि तिथून दारावर नेला. तोंडाने काही बोलले नाहीत. आग कुठे लागेल, कुठून जाईल आणि कुठे येऊन थांबेल, हे त्यांनी मला नुसत्या उजेडाने सांगितलं. ती दारातच येऊन थांबणार होती. मागच्या बोळीत जो असेल त्याला दुसरी वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले आणि अहवाल सांगू लागले. दीड तास सांगत होते. कुठल्या सांध्यावर मेण किती वेळात वितळतं (त्यांनी कोरड्या बांबूच्या टोकाने सांध्यांवर मेणबत्तीचे तुकडे बसवले होते), मुळ्या किती वाढल्या, चरात काय आहे, आग कशी पसरेल. मागण्या चारच होत्या. एक दिवस वीजघर बंद ठेवून सांधे उघडून साफ करावेत, चर उपसून वाळू भरावी, वाळूच्या बादल्या ठेवाव्यात आणि बोळीच्या बंद टोकाला दार पाडावं. शेवटचं वाक्य होतं, की हे न केल्यास आग लागेल आणि मागे असलेला माणूस मरेल. मी पान भरून लिहिलं, पाठपोट.

साहेब वाईट नव्हते, हे मला इथे सांगितलं पाहिजे. हैदराबादहून आलेला तरुण इंजिनिअर, अभ्यासू, अण्णांना मान देणारा. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला बसायला सांगितलं. ते म्हणाले, की मिस्त्रीचं म्हणणं बरोबर असेल, बरोबरच आहे. पण आग लागेल असं माझ्या कचेरीतून लेखी गेलं, तर वरचे पहिला प्रश्न विचारतील, मग वीजघर चालू का ठेवलं? आणि बंद केलं तर दवाखाना, पाणी, जिनिंग यांचं काय, हेही तेच विचारतील. धोका आहे असं लिहिणं म्हणजे एकतर बंद करणं, नाहीतर पुढे जे होईल ते आपल्या डोक्यावर घेणं. त्यांनी मला मजकूर मवाळ करायला सांगितलं. मी केला. चार ओळी झाल्या. 'मुख्य बोर्डावरील सांध्यांची तपासणी करून ते सोयीनुसार घट्ट करणे इष्ट वाटते. खोलीत हवा खेळण्यासाठी आणखी एका दाराचा विचार व्हावा.'

सोयीनुसार. हा शब्द साहेबांनी सांगितला नव्हता. तो मी घातला. कागदात शोभतो असं मला वाटलं.

अण्णांना मी म्हणालो, की साहेबांनी थोडं नीटनेटकं करायला सांगितलं, बाकी तुमचंच आहे. त्यांनी कागद हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि खाली उर्दूत सही केली.

उत्तर यायला पावसाळा गेला. आलं ते असं, की सांधे घट्ट करण्यास हरकत नाही, मात्र पुरवठा खंडित करू नये; दाराचा प्रश्न इमारत खात्याचा असल्याने तिकडे पाठवला आहे. पट्ट्यांतून वीज वाहत असताना सांधे कसे उघडायचे, याबद्दल काही नव्हतं. अण्णांनी मला ते उत्तर दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्यांना सांगा, हृदय चालू ठिवून ते उघडता येत न्हाई." मी ते कळवलं नाही. काय कळवणार?

त्यानंतरची तीन वर्षं मी एकच गोष्ट पाहत होतो. एका दिवसाची सुट्टी मिळवण्यासाठी हा माणूस दारोदार फिरला. निवडणुका होत्या तेव्हा सभांसाठी दिवे हवे होते. त्या झाल्यावर उन्हाळा आला, पंप बंद ठेवला तर गावाला पाणी नाही. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली. जिनिंगच्या मालकाकडे अण्णा स्वतः गेले, दस्तगीरला घेऊन. मालकाने चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, की माझ्या अंगणात गाड्यांची रांग लागलीय, कापूस घेऊन आलेला माणूस मला काय म्हणेल? दवाखान्यात गेले तर डॉक्टर म्हणाले, तुम्ही दिवस सांगा, मी लोकांना सांगतो, त्या दिवशी आजारी पडू नका. ते चिडून बोलले नव्हते; खरंच त्यांच्याकडे दुसरी सोय नव्हती. प्रत्येकाचं बरोबर होतं. अण्णा परत येऊन सांगत, "सगळे खरं बोलायलेत, रामराव. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं."

एकदा त्यांनी स्वतःच वीजघर बंद केलं. एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता सरळ मुख्य स्विच ओढला आणि दस्तगीरला घेऊन बोळीत शिरले. पाऊण तासात तालुक्याचे अधिकारी, जिनिंगचे मुनीम आणि म्युनिसिपालिटीची माणसं कंपाउंडात उभी राहिली. एकच सांधा उघडून झाला होता. साहेबांनी हात जोडले, तेव्हा अण्णांनी तो सांधा परत बसवला आणि स्विच टाकला.

दाराचा कागद इमारत खात्यात फिरत होता. मी तीनदा स्मरणपत्र पाठवलं. मग एका दुपारी आम्ही कचेरीत असताना धाडधाड आवाज आला. धावत जाऊन पाहिलं, तर अण्णा बाहेरच्या बाजूने पहार घेऊन बोळीच्या बंद टोकाची भिंत पाडत होते. जुनी चुन्याची भिंत, हात-दीड हात भगदाड पडलंही होतं. मी विचारलं, "अण्णा, हे काय करायलात?" ते म्हणाले, "दार." आणि पहार मारत राहिले.

सरकारी इमारतीचं नुकसान केल्याबद्दल त्यांना पंधरा दिवस घरी बसवलं. तो हुकूम मीच टाइप केला. आणि ज्या इमारत खात्याला दार पाडायला तीन वर्षं सवड झाली नव्हती, त्याची माणसं आठवड्याच्या आत आली आणि भगदाड बुजवून गेली. काम चांगलं केलं होतं. चुना नाही, चांगलं सिमेंट वापरलं होतं.

अण्णा कामावर परतले ते गप्प होऊन. त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली होती, लक्ष ठेवणं. त्यांनी नियम केला, की प्रत्येक पाळीत तीनदा बोळीत जाऊन मेण पाहायचं. मेण वाहू लागलं की इंजिनवाल्याला सांगून जिनिंगचा भार थोडा उतरवायचा. ते स्वतः जात आणि दस्तगीरलाही जायला लावत. दस्तगीर कधी कंटाळा करे, तेव्हा ते त्याला रागावत.

होळी होऊन आठवडा झाला असेल. जिनिंगचा हंगाम सरत आला होता, उरलेला सगळा कापूस एकदम आला होता. दुपारचे दोन वाजले होते. बोर्डावर दस्तगीर होता. अण्णा कंपाउंडात निंबाखाली भाकरी सोडून बसले होते, मी त्यांच्याजवळ कसल्याशा सहीसाठी गेलो होतो. बोर्डाच्या खोलीतून एक मोठा भप्प असा आवाज आला आणि खिडक्यांतून निळापांढरा उजेड पडला. भर उन्हात डोळे दिपले असा. इंजिनाचा आवाज मात्र तसाच; फ्यूज झोपूनच होता. अण्णा उठून इंजिनवाल्याच्या नावाने कानडीत ओरडले, इंजिन बंद कर म्हणून. आम्ही दाराशी पोचलो तोवर तेलाचा स्विच फुटला होता. दार आगीने भरलं होतं. काळा, डांबराचा धूर बाहेर ढकलत येत होता.

दस्तगीर बोळीत होता. मेण पाहायला गेला होता.

अण्णा क्षणभरही दाराशी थांबले नाहीत. पहार उचलून मागे धावले आणि जिथे त्यांनी दार पाडायला घेतलं होतं तिथेच मारू लागले. मी आणि दोन इंजिनवाले दगड घेऊन, फावडं घेऊन भिडलो. पहार सिमेंटवर पडे आणि ठिणगी उडून मागे येई. आतून दस्तगीरचा आवाज येत होता. तो किंचाळत नव्हता. खोकत होता आणि मध्येच बोलत होता. "अण्णा, कुछ दिखरैच नै." अण्णा त्याला सांगत होते की खाली बस, जमिनीला तोंड लाव, मी आलोच. असं त्यांनी किती वेळा म्हटलं कोण जाणे. शेवटी त्यांनी सिमेंट सोडून शेजारच्या जुन्या चुन्यात पहार घातली आणि मग दगड हलू लागले. पण तोवर आतला खोकला थांबला होता.

आम्ही त्याला भगदाडातून ओढून काढलं तेव्हा तो जिवंत होता. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला. ते तीन दिवस गावात वीज नव्हती. पंप बंद, जिनिंग बंद. बायकांनी विहिरींचं पाणी भरलं, दवाखान्यात कंदील लावले. गाड्यावाले कापसावर झोपून राहिले. तीन दिवस बंद राहिल्याने कुणाचं काही बिघडलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. कुणी बोललं मात्र नाही.

दफन झाल्यावर अण्णा हमीदाबीकडे गेले. मी बरोबर होतो. ती भिंतीला टेकून बसली होती, गंगाक्का तिच्याजवळ. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "तुमना मालूम था ना, अण्णा?"

अण्णा म्हणाले, "था."

"फिर?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिला काय सांगणार? निवडणुका, पंप, कापूस, इमारत खातं? अण्णा उंबऱ्यापाशी उभेच राहिले. गंगाक्कांनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

चौकशीसाठी हैदराबादहून एक अधिकारी आले. दोन दिवस राहिले. जळक्या पट्ट्यांमध्ये त्यांना एका पालीचा कोळसा सापडला. पाल आडवी गेल्याने अपघात झाला आणि कामगार कारणाशिवाय धोक्याच्या जागी गेला होता, असं त्यांनी ठरवल्यासारखं दिसत होतं. तरी माणूस रीतसर होता. पूर्वी कुणी धोक्याची सूचना दिली होती का, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी फाइल पुढे केली. अधिकाऱ्यांनी माझ्या त्या चार ओळी वाचल्या आणि अण्णांना उर्दूत विचारलं, की सही तुमचीच ना? अण्णा हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, आग लागेल असं तुम्ही कधी लेखी कळवलं होतं का?

खोलीत आम्ही चौघेच होतो. साहेब खिडकीबाहेर पाहत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मी तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं, माझी नोकरी गेली असती, साहेबांची गेली असती, कदाचित दोन्ही गेल्या नसत्या. मला माहीत नाही. मी टेबलाकडे पाहत राहिलो.

"कागदात हाय तेवढंच," अण्णा म्हणाले.

त्यांना मीटर वाचण्याच्या कामावर टाकलं. सहा महिन्यांत त्यांनी ते सोडलं आणि गंगाक्कांना घेऊन मंठाळला गेले. हमीदाबी आपल्या माहेरी चिटगुप्प्याला गेली. साहेबांची बदली झाली. आणि छप्पन साली हैदराबाद राज्यच मोडलं. आमचा भाग म्हैसूरकडे, मराठवाडा मुंबईकडे. मी मुंबईकडे जायचा अर्ज दिला, तो मंजूर झाला. कचेरीतल्या फाइली तीन गाड्यांत भरून कुठे कुठे गेल्या. निघण्यापूर्वी मी एक काम केलं होतं. आठवून आठवून अण्णांचा तो अहवाल पुन्हा लिहून काढला, पाठपोट, शेवटच्या वाक्यासकट, आणि हैदराबादला पाठवला. तो परत आला. सदर भाग या कचेरीच्या अखत्यारीत राहिलेला नाही, असा शिक्का होता.

तो कागद खिशात घालून मी मंठाळला गेलो. कल्याणीपर्यंत बस, पुढे चालत. अण्णा ओसरीवर बसले होते. खूप वाळले होते. गावात अजून वीज नव्हती आणि ती नाही म्हणून मला झोप लागतीय, असं ते हसून म्हणाले. गंगाक्कांनी जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांनी काय म्हटलं, मी किती कापलं, 'सोयीनुसार' हा शब्द कुणाचा.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "मला ठावं व्हतं."

मी म्हणालो, तुम्हाला तर इंग्रजी येत नाही.

"येत न्हाई. पर मी दीड तास सांगितलं आणि तुम्ही चार ओळी हातात दिल्या. तेवढं दिसतंय की माणसाला."

"मग सही कामून केली, अण्णा?"

आत गंगाक्का भांडी घासत होत्या, तो आवाज येत राहिला. "मला वाटलं, एवढं तरी जाऊ द्या," ते म्हणाले. "पुरं जाऊ द्यायचे न्हाईत, तर एवढं तरी. म्हणून मी बी सही केली."

खिशातला कागद मी काढलाच नाही. निघताना ते माझ्याबरोबर शिवेपर्यंत आले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं गंगाक्कांनी कुणाकडून तरी लिहवून कळवलं. पत्र मला महिन्याने मिळालं.

मंठाळच्या त्या दुपारनंतर मी हे पुष्कळांना सांगितलं आहे. बायकोला, मित्रांना, पुढे माझ्या साहेबांनाही. प्रत्येकाने मला समजावलं, की त्यात तुमची काय चूक, तुम्ही साधे कारकून, तुमच्या हातात काय होतं. अण्णांनी तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी मला ओसरीवर आपल्या शेजारी बसू दिलं, आणि माझी चूक नव्हती असं एकदाही म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.